दारू सोडायची आहे, पण ग्रुपच्या दारातून आत पाऊल पडत नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रोज संध्याकाळी पिणं चालू आहे. स्वतःच्या जोरावर दोनदा बंद केलं आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांत पुन्हा सुरू झालं. सकाळी हात थरथरतात. बायको म्हणते ग्रुपला जा, म्हणजे दारू सोडू पाहणारे आणि सोडलेले एकत्र बसतात तिथे. ग्रुप कुठे शोधायचा ते माहीत नाही, तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर काय ही धास्ती आहे, देवाधर्मावर विश्वास नाही, आणि मुळात चार माणसांत बसून बोलल्यानं दारू सुटते हेच पटत नाही. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. मी स्वतः मद्यपी नाही, त्यामुळे ग्रुपबद्दल जे सांगते ते कुणालाही येऊन बसता येतं अशा ओपन मीटिंगांना मागच्या खुर्चीवर बसून पाहिलेलं. पण ज्यांना तिथे पाठवलं त्यांच्यातले कोण टिकले आणि कोण दोन मीटिंगांत गळाले, हे जवळून पाहिलं आहे.

आधी त्या थरथरीचं बोलू. तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत येऊन गेली, माझी नजर मात्र तिथेच अडकली. सकाळी हात थरथरणं, घाम, मळमळ, आणि एक घोट पोटात गेला की सगळं शांत होणं, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून राहायला लागलं आहे. अशा माणसानं जोशात येऊन ‘आजपासून थेंब नाही’ म्हणत एकदम बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 12 तासांत थरथर आणि बेचैनी वाढते, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होतात, नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागेचं भान सुटतं, ताप येतो, नाडी आणि रक्तदाब चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात दगावू शकतो. वेळेत डॉक्टरकडे गेलं तर हे बहुतेक वेळा टाळता येतं: काही दिवस उतरत्या डोसात औषध, सोबत थायमिन म्हणजे बी1 जीवनसत्त्व, आणि देखरेख. त्यामुळे आधी डॉक्टर. रोज किती पिता, किती वर्षं, कधी फिट आली होती का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हे खरं सांगा. डॉक्टरला निम्मंच सांगायची सवय जवळपास प्रत्येक पिणाऱ्याला असते आणि नेमकी इथे ती महागात पडते. ग्रुपला जाण्यासाठी हे सगळं आटपेपर्यंत थांबायची गरज नाही. थरथरत्या हातांनी आलेला माणूस तिथे कुणाला नवा नसतो. पण शरीरातून दारू उतरवण्याचं काम ग्रुपचं नाही, ते दवाखान्याचं.

आता तुमची मुख्य शंका. बोलून दारू सुटते का?

नुसतं बोलून सुटत असती तर घरी बायकोशी बोलून कधीच सुटली असती. ग्रुपमध्ये घडतं ते वेगळं, आणि त्याची सुरुवात कशी झाली ते पाहिलं की चटकन कळतं. मे 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हॉटेलच्या लॉबीत उभं असताना पलीकडचा बार त्याला खुणावत होता. त्यानं बारकडे न जाता फोन फिरवायला सुरुवात केली आणि विचारत गेला, की या गावात बोलण्यासारखा कुणी दारुडा भेटेल का. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांच्या अटीवर भेट कबूल केली होती; बोलणं तासन्‌तास चाललं. यातली गोम अशी, की बिल डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. तो दिवस स्वतःला पिण्यावाचून काढायचा होता म्हणून गेला होता. डॉक्टरांना आयुष्यभर उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते, गरजू होऊन आलेला पिणारा पहिल्यांदाच भेटत होता. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो 10 जून 1935 हा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, स्थापना दिवस धरतात. आज ही मंडळी सुमारे 180 देशांत भेटतात आणि मूळ रचना तीच आहे: एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलतो, स्वतः सावरून राहण्यासाठी.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. 2020 साली वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 27 अभ्यास आणि 10,565 लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभरानं साधारण 42 टक्के लोक पूर्ण कोरडे होते, इतर उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास होतं. फरक आभाळाएवढा नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी चांगलाच मोठा आहे. आणि ते ‘पद्धतशीरपणे जोडून देणं’ महत्त्वाचं. 1981 सालचा एक छोटासा अभ्यास मला फार आवडतो. त्यात फक्त 20 जण होते. निम्म्यांना नेहमीप्रमाणे मीटिंगची वेळ आणि पत्ता दिला. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकानं त्यांच्यासमोर एका ए.ए. सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, आणि त्या सदस्यानं त्यांना सोबत घेऊन जायचं ठरवलं. दुसऱ्या गटातले सगळे मीटिंगला गेले. पत्ता घेतलेल्यांपैकी एकही गेला नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे की पत्ता शोधण्याआधी एक माणूस शोधा. पत्ता खिशात राहतो. जिन्याच्या खाली कुणीतरी तुमची वाट पाहत उभं आहे हे माहीत असलं की पाऊल उचललं जातं.

माणूस कसा शोधायचा? ए.ए.च्या अधिकृत संकेतस्थळावर देशानुसार आणि भागानुसार संपर्क मिळतात. बहुतेक मोठ्या भागांत त्यांचं इंटरग्रुप नावाचं कार्यालय असतं आणि तिथला हेल्पलाइनचा फोन बहुधा सदस्यच आळीपाळीनं उचलतात. म्हणजे पलीकडे बोलणारा माणूस स्वतः यातून गेलेला असतो. दुसरा मार्ग रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून जातो. तिथले सामाजिक कार्यकर्ते किंवा व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक यांच्याकडे कुठला ग्रुप खरोखर चालू आहे, कुठे नव्या माणसाला सांभाळून घेतात, कुठला ग्रुप नावालाच उरला आहे, याची ताजी माहिती असते, जी छापील यादीत कधीच नसते. इंटरनेटवरच्या याद्यांवर डोळे झाकून विसंबू नका. मीटिंगची जागा बदलते, वार बदलतो, यादी तशीच राहते. पहिल्याच दिवशी हिय्या करून गेलात आणि दाराला कुलूप दिसलं, तर पुन्हा तेवढा हिय्या करायला कधीकधी वर्ष जातं.

फोनवर काय बोलायचं हेच पुष्कळांना अवघड जातं, म्हणून अगदी शब्दांत सांगते. “नमस्कार, मला दारू सोडायची आहे आणि मी आधी कधी मीटिंगला आलेलो नाही. माझ्या जवळ कुठली मीटिंग आहे? या आठवड्यात ती नक्की आहे ना? आणि कुणी मला दारात भेटू शकेल का?” बस, एवढंच. आडनाव सांगायची गरज नाही, किती पिता तेही नाही. शेवटचा प्रश्न मात्र गाळू नका. सगळा फोन त्या प्रश्नासाठी आहे. समोरचा माणूस कदाचित स्वतःचीच दोन मिनिटांची गोष्ट सांगू लागेल. ऐकून घ्या.

मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड हेही विचारून ठेवा. ओपन मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं: नातेवाईक, विद्यार्थी, माझ्यासारखे समुपदेशक. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे किंवा असावा असं वाटतं त्यांच्यासाठी. तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता. सदस्य व्हायची एकच अट आहे, पिणं थांबवण्याची इच्छा. अर्ज, फी, नोंदवही यांतलं काही नाही. पत्नीला पहिल्यांदा सोबत न्यायचं असेल तर ओपन मीटिंग निवडा, पण माझं मत विचाराल तर पहिली एक-दोन एकट्यानंच करा. बायको शेजारी बसली की नवरा खरं बोलत नाही, आणि बायकोही त्याच्याकडेच पाहत बसते.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे धसका कमी होईल. ज्या इमारतीत मीटिंग असते ती बहुधा शाळेची, प्रार्थनास्थळाची किंवा एखाद्या संस्थेची असते. त्या संस्थेचा ग्रुपशी संबंध फक्त जागेपुरता. दहा-पंधरा खुर्च्या, कधी गोलात, कधी रांगेत. पुढे टेबलाशी त्या दिवशीचा चेअरपर्सन, म्हणजे कुणी अधिकारी नव्हे, सदस्यांतलाच एक. सुरुवातीला थोडी शांतता, मग वापरून मऊ पडलेल्या कागदावरून प्रस्तावना वाचली जाते, बारा पायऱ्या, म्हणजे ए.ए.चा दारूतून बाहेर पडण्याचा टप्प्याटप्प्यानं जायचा कार्यक्रम, वाचल्या जातात. पहिल्या दिवशी हे वाचन कानावरून जातं, जाऊ द्या. मग विचारतात, आज कुणी पहिल्यांदा आलं आहे का. हात वर करणं सक्तीचं नाही, पण केलात तर फायदा तुमचाच, कारण मीटिंग संपल्यावर चार जण आपण होऊन तुमच्याकडे येतील. त्यानंतर एकेक जण शेअरिंग करतो. “मी अमुक, मद्यपी,” असं म्हणून पाच-सात मिनिटं स्वतःबद्दल. दुसरा कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, बोलून झाल्यावर ‘चूक केलीस’ म्हणत नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याला कुणी दुःख सांगितलं की लगेच उपाय सुचवायची खोड असते. तुमची पाळी आली तर “आज फक्त ऐकायला आलोय” एवढं म्हणून पुढे जाता येतं. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल तो थोडे पैसे टाकतो. जागेचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नव्या माणसानं काही टाकू नये असंच बरेचदा सांगतात. ए.ए. बाहेरून देणगी घेत नाही, तो त्यांचा पक्का नियम आहे. साधारण तासाभरात, कधी दीड तासात, मीटिंग आटोपते.

एक गोष्ट नव्या माणसाला खटकते, ती आधीच सांगून ठेवते. लोक हसतात. कुणीतरी गटारात पडल्याची, नोकरी गेल्याची गोष्ट सांगतो आणि खोली खळखळून हसते. काहींना हे क्रूर वाटतं. थोडे दिवस बसलात की कळेल, हसणारा प्रत्येक जण तिथे पडून आलेला असतो.

ऐकताना तुमचं डोकं फरक मोजत बसणार. ‘याचा तर संसार मोडला, माझा नाही. हा सकाळपासून प्यायचा, मी संध्याकाळी पितो. म्हणजे मी यांच्यातला नाही.’ हे सगळ्यांच्या डोक्यात चालतं. हरकत नाही, पण सोबत एक गोष्ट करा: घटना बाजूला ठेवून भावना ऐका. बाटली लपवण्याची जागा शोधताना काय वाटायचं, सकाळी फोन उघडून रात्री कुणाला काय बोललो ते तपासताना काय वाटायचं. तिथे फरक फारसा सापडत नाही.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटू शकतं. भेटलं तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असतं, आणि तुम्हाला पाहून ते तुमच्याइतकंच दचकलेलं असतं. इथे काय ऐकलं आणि कोण दिसलं ते बाहेर न्यायचं नाही, हा ग्रुपचा कणा आहे आणि बहुसंख्य लोक तो कसोशीनं पाळतात. तरी व्यवहाराचं सांगते. हा शिष्टाचार आहे, कायद्याचं संरक्षण नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकावर गोपनीयतेचं जे बंधन असतं ते ग्रुपमधल्या सदस्यावर नसतं. म्हणून पोलीस केस, कोर्टकचेरी, ऑफिसातला पैशांचा घोळ, दुसऱ्या कुणाचं खासगी प्रकरण, असलं काही मीटिंगमध्ये उघड करू नका. ते समुपदेशकाशी किंवा वकिलाशी बोला. फारच धास्ती असेल तर घरापासून लांबच्या भागातली मीटिंग धरा, किंवा सुरुवातीला ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसा. ऑनलाइन मीटिंगा दिवसरात्र कुठे ना कुठे चालू असतात. रात्री तलफ आली तर त्यांचा उपयोग मोठा आहे. फक्त त्यावरच कायमचं थांबू नका. पडद्यावरची खिडकी बंद केली की माणसंही जातात.

देवाचा मुद्दा. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याबरोबर ‘आम्हाला जसा समजला तसा’ ही पुस्तीही आहे, आणि दुसऱ्या पायरीत शब्द आहे तो आपल्याहून मोठ्या शक्तीचा. देव न मानणारे कित्येक जण ग्रुपलाच ती शक्ती मानतात: मी एकटा जे करू शकलो नाही ते या खोलीतली माणसं मिळून करतात, एवढंच. 1997 साली निष्कर्ष जाहीर झालेल्या प्रोजेक्ट मॅच या मोठ्या अमेरिकी अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं, की नास्तिक लोक ए.ए.ला कमी जातात. पण जे जातात त्यांना आस्तिकांसारखाच फायदा होतो. तरी प्रार्थना सुरू झाली की तुमच्या अंगावर काटाच येत असेल तर स्वतःशी झगडत बसू नका. दुसरे रस्ते आहेत. स्मार्ट रिकव्हरी हे 1994 पासून चालू असलेलं जाळं मानसोपचारातल्या वर्तन-विचार पद्धतीवर उभं आहे. तिथे प्रशिक्षित फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारा, असतो, ‘मी मद्यपी’ असं म्हणावं लागत नाही, एकमेकांशी चर्चा चालते, आणि घरी करायला लेखी काम मिळतं. उदाहरणार्थ, कागदाचे चार भाग पाडून पिण्याचे फायदे-तोटे आणि न पिण्याचे फायदे-तोटे लिहायचे. पिण्याचे फायदेही प्रामाणिकपणे लिहायला लावतात, हे मला आवडतं. लाइफरिंग हाही असाच निधर्मी ग्रुप. तिथे ‘तुमचा आठवडा कसा गेला’ एवढ्याच धाग्यावर गप्पा होतात. फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे. ए.ए.मध्येही काही ठिकाणी निधर्मी आणि महिलांच्या वेगळ्या मीटिंगा असतात. अडचण एकच: ए.ए. सोडून बाकीचे ग्रुप प्रत्यक्ष जवळपास मिळतीलच असं नाही, ऑनलाइन मात्र मिळतात. दोन्हीकडे जाणारे लोकही मी पाहिले आहेत. एक निवडला की दुसरा सोडलाच पाहिजे असं काही नाही.

पहिली मीटिंग आवडली नाही तर ती कदाचित त्या दिवसाची मीटिंगच कंटाळवाणी असेल. एखादा जुना सदस्य पंचवीस मिनिटं बोलला असेल, दिवस पगाराचा किंवा सणाचा म्हणून निम्मे लोकच आले असतील. निकाल लावण्याआधी पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगांना जा, निदान दोन वेगळ्या ग्रुपमध्ये. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव निराळा असतो: कुठे पुस्तक वाचून त्यावर बोलतात, कुठे पायऱ्यांवरच काम करतात, कुठे एकच वक्ता आपली सगळी कहाणी सांगतो. ‘90 दिवसांत 90 मीटिंगा’ असा एक जुना रिवाज तुम्हाला ऐकायला मिळेल. तो नियम नाही. नोकरी-संसार सांभाळून ज्याला जमेल त्यानं करावा. मात्र सुरुवातीच्या दिवसांत आठवड्याला एकच मीटिंग सहसा पुरत नाही. निदान तीन धरा, आणि त्यातली एक ज्या वाराला तुम्ही हमखास पिता त्या वाराची, त्याच वेळेची असू द्या.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. मीटिंगपेक्षा तिच्या आधीची आणि नंतरची पंधरा मिनिटं जास्त कामाची असतात. जे गळतात त्यांच्यातले बहुतेक नेमके एका प्रकारे वागतात: मीटिंग सुरू झाल्यावर येतात, दाराजवळच्या खुर्चीत बसतात, शेवटचं वाक्य संपायच्या आत चपला घालून निघतात. त्यांच्या फोनमध्ये ग्रुपमधल्या एकाचाही नंबर नसतो. ए.ए. कशामुळे काम करतं याचा ज्यांनी अभ्यास केला त्यांनाही हेच आढळलं, की मोठा वाटा माणसाचं मित्रमंडळ बदलण्याचा आहे: पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. हे मित्र खुर्च्या उचलताना होतात. म्हणून दहा मिनिटं आधी जा आणि खुर्च्या मांडायला हात लावा. लाजाळू माणसाला तर ही युक्तीच आहे, हाताला काम असलं की बोलायचं काय हा प्रश्न पडत नाही. नंतर तीन जणांचे नंबर घ्या, आणि तलफ येण्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी त्यांतल्या एकाला फोन करा, काही कारण नसताना. “काल भेटलो होतो, सहज केला.” ही रंगीत तालीम आहे. कारण खरी तलफ येते तेव्हा अनोळखी नंबर कुणी फिरवत नाही. आधी दोनदा बोललेला नंबर फिरवतात. तलफ लाटेसारखी चढते आणि पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरायला लागते, तेवढा वेळ फोनवर काढायचा असतो.

काही आठवड्यांनी स्पॉन्सरचा विषय निघेल. स्पॉन्सर म्हणजे जुना, सोबर म्हणजे दारू पूर्ण सोडलेला सदस्य, जो तुम्हाला पायऱ्यांमधून नेतो आणि ज्याला तुम्ही एरवीही फोन करू शकता. घाईनं निवडू नका; ज्याचं बोलणं ऐकून ‘याच्यासारखं जगायला आवडेल’ असं वाटतं, ज्याचं घर-काम बऱ्यापैकी मार्गी लागलं आहे, त्याला विचारा. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई निवडावी, हा संकेत पाळलेला बरा. पहिल्या काही महिन्यांत माणूस हळवा झालेला असतो आणि त्याचा गैरफायदा घेणारे ग्रुपमध्येही असू शकतात. विशेषतः नव्या बायकांशी फाजील सलगी करणारे जुने पुरुष. ते दिसलं तर ग्रुप बदला, आणि जमलं तर ग्रुपच्या एखाद्या जाणत्या माणसाच्या कानावर घाला.

ग्रुप बिघडलेला आहे हे ओळखायच्या आणखीही काही खुणा आहेत. पैसे मागतात. एकच माणूस सगळं चालवतो आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणी बोलत नाही. एका ठरावीक केंद्रात भरती व्हा म्हणून मागे लागतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगतात, ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस’ म्हणून. नैराश्यावरची गोळी असो, किंवा तलफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन वा ॲकॅम्प्रोसेट असो, ते बंद करायचं की नाही हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. ए.ए.च्या स्वतःच्या पत्रकातही सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे. ग्रुप आणि औषध ही दोन्ही एकत्र घेण्यात काही विरोध नाही, आणि तुमच्यासारख्या रोज पिणाऱ्याला मी तर दोन्ही घ्या असंच सांगेन.

पिऊन मीटिंगला गेलं तर चालतं का, असं पुष्कळ जण विचारतात. बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त त्या दिवशी बोलू नका, ऐका, आणि गाडी चालवत जाऊ नका. स्लिप झाली, म्हणजे मध्येच पुन्हा प्यायलात, तर मीटिंग टाळण्याची ओढ प्रचंड असते. ‘आता कुठल्या तोंडानं जाऊ?’ त्याच तोंडानं जायचं. डॉ. बॉबसुद्धा बिलला भेटल्यावर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथून झिंगून परत आले. स्थापना दिवस त्यानंतरचा आहे. काही ग्रुपांत 24 तास, 30 दिवस, 90 दिवस अशी नाणी किंवा बिल्ले देतात, सोब्रायटीचा बर्थडे साजरा करतात. मोजणी पुन्हा एकपासून करावी लागते याचं लोकांना फार लागतं. पण मधल्या काळात जे शिकलात ते पुसलं जात नाही. मीटिंगला जाऊन सांगा: कुठे, कुणाबरोबर, त्याआधी दोन दिवस मनात काय चाललं होतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काहीतरी त्यात बहुधा सापडतं. आणि स्लिपनंतर सलग प्यायलात तर थांबवताना पुन्हा डॉक्टर, वर सांगितलेल्या कारणासाठीच.

तुमच्या पत्नीसाठी दोन शब्द, त्यांनी तुम्हाला ग्रुप सुचवला म्हणून. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन हा वेगळा ग्रुप आहे, 1951 पासून; बिल विल्सनची पत्नी लोइस तो सुरू करणाऱ्यांपैकी एक. किशोरवयीन मुलांसाठी ॲलाटीन आहे. तिथे जायला नवऱ्यानं दारू सोडलेली असण्याची, किंवा त्यानं ए.ए.ला जाण्याचीही अट नाही. त्या उद्यापासून जाऊ शकतात, तुम्ही अजून विचार करत असलात तरी. दुसरं, कुणी त्यांना डायसल्फिराम नावाची गोळी नकळत खाण्यापिण्यातून द्यायला सुचवलं तर त्यांनी ते मुळीच करू नये. ती गोळी पोटात असताना दारू गेली तर तोंड लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं असं होतं, आणि क्वचित जिवावरही बेततं. ती घ्यायची तर तुम्हाला माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुम्ही मीटिंगहून घरी आलात की त्यांनी काय बोललात, कोण होतं असं खोदून विचारू नये. तुम्हीही इतरांच्या गोष्टी सांगू नका, आपल्या सांगा. आणि मीटिंगचे वार घरातल्या कॅलेंडरवर लिहून टाका, म्हणजे त्या संध्याकाळी पाहुणे, खरेदी, मुलांचा अभ्यास यांतलं काही तुमच्या वाट्याला येणार नाही हे आधीच ठरलेलं राहील.